तारीचे पैसे

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला वर्गात खरी भीती वाटते ती सोप्या प्रश्नांची. सनावळ्या पाठ असतात, तहाची कलमे तोंडावर असतात. पण एखादे पोर उभे राहून साधेच काही विचारते आणि तीस वर्षांची नोकरी क्षणभर गप्प होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात गोव्यातील पोर्तुगीज सत्तेवर बोलत होतो. १५४० साली तिसवाडी बेटांवरची देवळे पाडली गेली, दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराचे लिंग लोकांनी नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे नवे देऊळ बांधायला सुरुवात झाली, असे नेहमीप्रमाणे सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरी कन्नड बोलणारी, पण आमच्या मराठी शाळेत पहिलीपासून शिकलेली. तिने विचारले, "सर, देव नदीपलीकडं नेला म्हणता, पण नेला कुणी?"

"लोकांनी," मी म्हणालो.

"कुठल्या लोकांनी? होडी कुणाची होती?"

तेवढ्यात घंटा झाली. मला बरे वाटले हे कबूल करतो.

संध्याकाळी घरी हे आईला सांगितले. आईचे माहेर डिचोली तालुक्यातले, नार्व्याच्या जवळचे. जन्म १९४४ चा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. लग्न होऊन खानापूर तालुक्यात आली ती १९६३ मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "होडी तारीवरचीच असणार. दुसरी कुणाची? मला एकदा त्या तारीनं घेऊन चल. गाडीनं फिरवून आणतोस दरवेळी. तारीनं एकदाही नेलं नाहीस."

'तार' हा तिचा माहेरचा शब्द. आपण घाटावरची माणसे नाव किंवा होडी म्हणतो. गोव्यात नदी उतरण्याच्या जागेला आणि तिथल्या नावेलाही तार म्हणतात, आणि नाव उतरवणारा तो तारी.

हे खरेच होते. आमचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. वर्षाआड आम्ही नार्व्याला जातो. पण चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करीत थेट देवळाच्या दारात गाडी लावतो. शाळेची सहल नेली तर जुने गोवे तासाभरात उरकतो. दोन चर्च, रांगेत उभे राहून एक फोटो, मग मिरामारचा समुद्र. या दोन ठिकाणांच्या मध्ये एक बेट आहे आणि दोन नद्या उतराव्या लागतात, हे ध्यानात असूनही मी कधी त्या वाटेने गेलो नव्हतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत आईला घेऊन निघालो.

* * *

जांबोटीवरून कणकुंबीला पोचलो तेव्हा धुके होते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच डोंगराळ प्रदेशात, आमच्याच तालुक्यातल्या देगावाजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला वळते. गोव्यात उतरल्यावर तिलाच मांडवी म्हणतात. या पाण्यावरून तीन राज्ये लवादापुढे उभी राहिली, ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडाही आला, तरी भांडण मिटलेले नाही. ते कोर्टाचे काम. मला त्या सकाळी एवढेच वाटत होते, की जी नदी आपण उतरणार ती आपल्याच रानातून खाली आलेली आहे.

नदीच नव्हे, देवाचे नातेही असेच घाटाच्या वरखाली पसरलेले आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे आणि या देवाच्या वरप्रसादाने राज्य लाभल्याची अक्षरे आहेत. आमच्या तालुक्यातले हलशी ही त्यांची घाटावरची महत्त्वाची जागा. तिथल्या भूवराह नरसिंहाच्या देवळाचा संबंध शिवचित्त पेर्माडी या कदंब राजाशी, बाराव्या शतकाशी आहे. या राजांच्या लेखांत संस्कृत आहे तसे कन्नडही आहे. तेव्हा कुलदैवत कोकणात आणि शेती घाटावर, घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, ही आपल्याकडची रीत काही भाषावार प्रांतरचनेने सुरू झालेली नाही. आमच्या गाडीचा चालक घरी कन्नड बोलणारा. आईशी मराठी बोलत होता, फोनवर आपल्या बायकोशी कन्नड, आणि साखळीला चहा घेताना त्याने हॉटेलवाल्याशी कोकणीही जमवली.

फोंड्यावरून पुढे बाणस्तारीचा पूल लागला. पूल ओलांडला की आपण तिसवाडीत, म्हणजे पोर्तुगिजांच्या मूळ बेटात शिरतो. आज अर्ध्या मिनिटात ओलांडला जाणारा हा प्रवाह अडीचशे वर्षे सरहद्द होता. अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे आधी आदिलशाही, पुढे मराठे, सौंधेकर. बेटावर ये-जा करायला ठरावीक उतार होते. बाणस्तारी, आगशी अशा त्या जागा. प्रत्येक उतारावर पहारा असे. लिन्शोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. त्याने लिहून ठेवले आहे, की बेटावरचे देशी लोक धान्यधुन्यासाठी पलीकडे जाताना त्यांच्या उघड्या दंडावर शिक्का उठवीत आणि परतताना तो दाखवावा लागे.

हे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "आमच्या वेळी कागद होता. शिक्का कागदावर."

तिच्या मनात १९५५ नंतरचा काळ होता. गोवा मुक्तीच्या लढ्यात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली. तिची सख्खी आत्या बेळगावात दिलेली. सहा वर्षे भावाबहिणींची भेट नाही. आजी वारली तेव्हा आत्याला ते कळले पत्राने, तेही फिरून फिरून आलेल्या. आई हे कधी रडून सांगत नाही. 'पाऊस त्या वर्षी फार होता' असे सांगावे तसे सांगते.

* * *

जुन्या गोव्यात उतरलो तेव्हा दहा वाजले होते. डिसेंबरभर इथे पाय ठेवायला जागा नव्हती. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, तो सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा नुकताच होऊन गेला होता. आता मांडवांचे वासे उतरवणे चालले होते.

आईने हा सोहळा पाहिला होता १९५२ मध्ये, झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली तेव्हाचा. ती आठ वर्षांची होती. तिच्या वडिलांनी तिला नार्व्याहून होडीने दिवाडीत, तिथून पायी बेट ओलांडून पुन्हा होडीने इथे आणले होते. हिंदू घरातले गृहस्थ मुलीला घेऊन 'गोंयच्या सायबा'च्या दर्शनाला आले, याचे तिला तेव्हा नवल वाटले नाही आणि आजही वाटत नाही. गोव्यात झेवियरला दोन्ही समाज याच नावाने ओळखतात.

या गावाची कथा वाचकांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. मांडवीकाठचे हे एला बंदर आदिलशहाचे. अल्बुकर्कने १५१० मध्ये ते एकदा घेतले, काही महिन्यांत गमावले, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून इथल्या मोठ्या कॅथेड्रलला तिचे नाव. पुढची शंभर वर्षे गाव एवढे भरभराटले की ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच पोर्तुगिजांत पडली. १५५६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना इथल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. १५६० मध्ये धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, इथेच बसली आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत उठली नाही. मग डचांनी समुद्र तोडला, विहिरींचे पाणी बिघडले, साथींमागून साथी आल्या. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने राहायची जागा पणजीकडे हलवली, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. धर्मसंघांना १८३५ मध्ये हाकलले गेल्यावर मठ ओस पडले. सेंट ऑगस्टिनच्या मठाचे छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भिंत आणि बुरुजाचा अर्धा भाग १९३१ मध्ये. उरलेला अर्धा बुरूज जांभ्या दगडाचा, लाल, आभाळात एकटा उभा आहे. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "हा तेव्हाही असाच होता."

बॉम जेझूच्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीपाशी थांबलो. शाळेच्या सहलीत मी इथे मुलांना १६८३ ची हकिकत सांगतो. २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून संभाजीराजांच्या माणसांनी जवळचे जुवे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, जखमी होऊन कसाबसा माघारी आला. शहर पडणार असे वाटताच त्याने ही शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती देऊन 'आता तूच सांभाळ' अशी प्रार्थना केली. मोगलांची फौज उत्तरेकडून आल्याने मराठ्यांना परतावे लागले आणि शहर वाचले.

पण याच गृहस्थाने पुढच्या वर्षी, २७ जून १६८४ रोजी, जो हुकूम काढला तो मी सहलीत कधी सांगत नसे. तीन वर्षांच्या आत देशी लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे, असा तो हुकूम होता.

हा हुकूम अधिकच विलक्षण वाटतो तो मागचे थोडे आठवले की. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये याच बंदरात उतरला. चाळीस वर्षे गोव्यात राहून इथेच १६१९ मध्ये वारला. त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत, ओवीछंदात, सुमारे अकरा हजार ओव्यांत लिहिली. १६१६ मध्ये ते ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत छापले, पण भाषा मराठी. आपली भाषा या लोकांना कळते आणि याच भाषेत त्यांच्या मनाला हात घालता येतो, हे परक्या मुलखातून आलेल्या पाद्र्याला उमगले होते. ते त्यानंतर अडुसष्ट वर्षांनी आलेल्या सत्ताधीशाला नको झाले.

हुकूम कागदावर राहिला. साडेतीनशे वर्षे होत आली. बंदरावर मासे विकणारी बाई आजही कोकणीत भाव करते आणि देवळात आरती मराठीत होते. मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक आहे तिथे दरवर्षी जूनमध्ये पट मोजताना पोटात गोळा येतो. दरवर्षी दोन-चार मुले कमी. तेव्हा मी या हुकमाचा विचार करतो. कुणी व्हाइसरॉय आमच्या दारात उभा नाही. भाषा हुकमाने जात नाही, हे इतिहासात पाहिले. ती घरातल्यांनी बोलणे सोडले की जाते. आईने सहा वर्षे बंद सरहद्दीच्या आड मराठी चौथीचे पुस्तक पाठ केले, कारण तिच्या वडिलांनी घराच्या ओसरीवर पंतोजी ठेवले होते.

* * *

कॅथेड्रलच्या मागून रस्ता नदीकडे उतरतो. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा, सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी, पणजोबाच्या स्मरणार्थ त्याने ती उभारली. आजची कमान १९५४ मध्ये दुरुस्त केलेली. नदीच्या बाजूने कोनाड्यात वास्कोचा पुतळा आहे. प्रत्येक नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरून याच कमानीखालून शहरात जात असे. आम्ही उलटे चाललो, शहरातून नदीकडे.

कमानीपलीकडे शंभरेक पावलांवर फेरीबोटीचा धक्का. बोट म्हणजे सपाट तळाचा मोठा लोखंडी तराफाच. पुढची फळी साखळ्यांनी खाली सोडतात, ती धक्क्याच्या उतारावर टेकते, आणि स्कूटरी, गाड्या, माणसे, टोपल्या सगळे एकदम आत. पायी जाणाऱ्याला आणि दुचाकीला पैसे नाहीत, चारचाकीला थोडके. सरकारी नदी परिवहन खात्याच्या या बोटी दिवसभर अशा ये-जा करतात. दिवाडीला मी गेलो तेव्हा कुठूनही पूल नव्हता. शेजारच्या चोडणला जुलै २०२५ पासून मोठ्या, वेगवान रो-रो बोटी सुरू झाल्या.

आईला काठी टेकत फळी चढताना पाहून खाकी गणवेशातला एक खलाशी पुढे आला. "माये, हांगा बस," म्हणून त्याने सुकाणूच्या खोलीच्या सावलीत एक स्टूल ठेवले. "तुमी खंयच्यान आयल्यात?"

"खानापूर. पण माहेर नार्व्याचं," आई म्हणाली. ते ऐकताच त्याचा चेहरा बदलला. आई पाहुणी राहिली नाही, गावची झाली.

साखळ्या खडखडल्या, फळी वर गेली. पाणी गढूळ हिरवे. मागे कॅथेड्रल, सेंट कजेटानचा घुमट आणि माडांची रांग हळूहळू मागे सरकू लागली. शहराकडे असे पाण्यातून पाहिले की कळते, हे शहर नदीकडे तोंड करून बांधलेले होते. आपण मागच्या दाराने, रस्त्याने जातो आणि म्हणून ते आपल्याला विखुरलेले वाटते. पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचलो.

* * *

दिवाडी हे नाव काही जण 'दीपवती'शी जोडतात. दिवाळीच्या अंकात लिहितो आहे म्हणून हे मुद्दाम सांगायला बरे वाटते. बेट शांत आहे. मधे टेकडी, टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च, भोवती खाजन शेती. खाजन म्हणजे खारे पाणी बांध घालून अडवलेली जमीन. बांधांना मानस नावाची लाकडी दारे असतात. भरतीला ती पाण्याच्याच जोराने मिटतात, ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. खारे पाणी सोसणारा कोरगुट नावाचा भात इथे होतो. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी मिळून हे बांध राखले.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुने नार्वे. सप्तकोटेश्वराचे मूळ ठिकाण हे. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देऊळ एकदा मोडले होते; विजयनगरचा मंत्री माधव याने त्याच शतकाच्या अखेरीस देवाची पुन्हा स्थापना केली. १५४० मध्ये ते कायमचे गेले. आज कोटितीर्थ नावाचे तळे, त्याच्या पायऱ्या आणि कडेचे कोनाडे एवढीच खूण आहे. आई पायऱ्यांवर टेकली. वारा सुटला होता. लिंग तेव्हा म्हणे एका विहिरीपाशी पाणी ओढण्याच्या कामाला लावले होते. तिथून लोकांनी ते रात्री उचलून नेले, असे परंपरा सांगते.

बेटावरचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ सायकल हातात धरून थांबले. वाट चुकलो आहोत असे त्यांना वाटले असावे. आम्ही का आलो ते सांगितल्यावर त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि मला तळ्याची दुसरी बाजू दाखवायला नेले. गोकुळाष्टमीला इथे स्नानाला माणसे येतात, हे त्यांनीच सांगितले. निघताना आईला म्हणाले, देवाला आमचाही नमस्कार सांगा. मी इतिहासाचा शिक्षक. पाडणाऱ्यांचे वंशज आणि पाडले गेलेल्यांचे वंशज अशी वाटणी मला पुस्तकात करता येते. त्या तळ्याकाठी ती करता आली नाही. त्यांचे पूर्वज आणि माझे पूर्वज बहुधा एकाच बांधावर माती टाकत होते.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगायची राहून जाते. १५४० साली देव नदीपलीकडे नेला तो कुणाच्या मुलखात? आदिलशहाच्या. मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून फोंडा महालात गेली तीही आदिलशाहीतच. ज्याला त्याला सोयीचा तेवढाच इतिहास आठवतो.

* * *

जुन्या नार्व्याच्या धक्क्यावर दुसरी फेरीबोट उभी होती. पलीकडचे नार्वे हाकेच्या अंतरावर दिसत होते. मांडवीचा हा फाटा अरुंद. दोन्ही काठांना खारफुटी, मधे एका खांबावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला. बोटीत आम्ही, दोन स्कूटरी, पावाची टोपली घेतलेला एक पोदेर आणि शाळेतून परतणारी तीन मुले.

आईने पिशवीतून बटवा काढला आणि मला म्हणाली, "तारीचे पैसे दे."

"आई, इथं पैसे घेत नाहीत. फुकट आहे."

"फुकट कसं? तारीचे पैसे ठेवायचे नसतात."

खलाशानेही हसून मान हलवली. नको, माये.

मग आईने सांगितले. १९५२ मध्ये तिच्या वडिलांनी याच जागी, मध्यावर आल्यावर होडीवाल्याला दोघांची आणेली दिली आणि वर आणखी एक नाणे काढून पाण्यात सोडले. आठ वर्षांच्या पोरीने विचारले, हे कुणाचे? ते म्हणाले, "देवाला ज्यानं उतरवलं त्याचे. त्या रात्री कोण पैसे घेणार आणि कोण देणार? ते राहिलेत. आपण आलो की द्यायचे."

आईने बटव्यातून एक रुपया काढला. मी तिचा दंड धरला. सुरकुतलेला, हलका दंड. तिने कठड्यावरून हात बाहेर काढला आणि नाणे सोडले. आवाजही झाला नाही. शाळेची तिन्ही मुले टक लावून बघत होती. त्यातल्या एकाने काय टाकले म्हणून विचारले. आई म्हणाली, "उधारी."

मला माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली. होडी कुणाची होती? कमानीवर वास्कोचे नाव आहे. शवपेटीपाशी व्हाइसरॉयची कथा आहे. नार्व्याच्या देवळाच्या दारावर शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, शिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ, असा संस्कृत लेख कोरला आहे. ज्यांनी नावे कोरून घेतली त्यांची कोरली गेली. ज्याने अंधारात वल्हे मारले, पलीकडच्या पहाऱ्याला चुकवले आणि पकडला जाता तर जिवानिशी गेला असता, त्याचे नाव ठेवणेच धोक्याचे होते. ते मुद्दाम विसरले गेले असणार. पण त्याची मजुरी देणे आहे, एवढे मात्र एका घराने लक्षात ठेवले. कदाचित अनेक घरांनी.

फळी टेकली. आम्ही उतरलो.

सप्तकोटेश्वराचे देऊळ लहान आहे. पुढे दीपमाळ, कौलारू उतरती छपरे, मधे घुमट. झाडीत बसलेले, मोठेपणा न मिरवणारे. गोवा सरकारने त्याचा जीर्णोद्धार करून ते २०२३ मध्ये पुन्हा खुले केले. चुन्याचा रंग अजून ताजा वाटतो. आतले लिंग इतरत्र दिसते तसे गुळगुळीत गोल नाही. त्याला उभ्या धारा आहेत, धारालिंग म्हणतात तसे. आईने सायकलवाल्या गृहस्थांचा निरोप मोठ्याने देवाला सांगितला. पुजाऱ्यांनी वळून पाहिले, काही बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर साखळीपर्यंत आई गाडीत झोपली. चोर्ल्याच्या चढावर जागी झाली आणि म्हणाली, "त्या मुलीला सांग आता."

सोमवारी वर्गात गेलो. ती मुलगी आता दहावीत गेली होती. तिच्या वर्गावर माझा तास नव्हता, तरी मधल्या सुट्टीत तिला बोलावले. म्हणालो, "तू विचारलं होतंस ना, देवाला कुणी नेलं? होडी नार्व्याच्या तारीवरच्या तारीची होती. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याचे पैसे अजून देणं आहे."

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग सर, सहलीला तिकडून जायचं का? सगळ्यांनी एकेक रुपया आणायचा?"

पुढच्या सहलीच्या पत्रकात मी मिरामार खोडले आणि दिवाडीची तार लिहिली. खाली सूचना घातली: प्रत्येकाने सोबत डबा, पाण्याची बाटली आणि सुटा एक रुपया आणावा.